सगळ्या पत्त्यांवर उघडा गोठा

श्रेयाचा फोन वैजयंतीवहिनींनी उचलायचा बंद केला, तेव्हापासून सुदर्शनच्या घशाखाली घास नीट उतरेना. ओट्यावर फोन थरथरायचा, वहिनी एकदा बघायच्या आणि परत भाकरी थापायला लागायच्या. श्रेया त्यांची धाकटी बहीण, पिंपरी पेंढारला माहेरी असते. दोघींचं रोज बोलणं व्हायचं. आता ते तुटलं होतं, आणि ते कुणामुळं तुटलं हे निरगुडसरातल्या त्या घरात एकट्या सुदर्शनला ठाऊक होतं.

घरातली परिस्थिती आधी सांगायला हवी. सुदर्शनची आई ठकूबाई खुबा मोडून अंथरुणाला खिळलेली. तिचं हागणं-मुतणं, अंग पुसणं, गोधड्या धुणं, सगळं वहिनींच्या अंगावर. थोरला आदेश दिवस उगवला की शेतात. धाकटा सुदर्शन पुण्यातल्या कंपनीचं काम घरूनच करायचा, म्हणजे घरात असून नसल्यासारखा. आईवर त्याचा जीव होता, त्यात खोट नाही. पाय चेपायचा, सफरचंद कापून भरवायचा. पण गोधडी भिजली की "वहिनी" अशी हाक मारायची आणि आपण पडवीत येऊन मोबाईल बघायचा. बाप्यानं हे करू नये असं त्याला कुणी बजावलं नव्हतं. त्यानं आपली सोय बघितली, दुसरं काय.

दुपारी आईला डोळा लागला की वहिनी गोठ्यात जायच्या आणि श्रेयाला फोन लावायच्या. घरात मोकळेपणानं बोलायला दुसरी जागाच नव्हती.

एका संध्याकाळी आदेश डेअरीवरून परतला तो लालबुंद होऊन. दूध घालायला आलेल्या कुणीतरी त्याला चारचौघांत विचारलं होतं, म्हातारी कधी सुटती याची तुझी मालकीण वाट बघती म्हणं, खरंय का?

"असं तू बोललीस?" आदेशनं विचारलं.

वहिनींच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "दमले व्हते ओ. म्हटलं, देवानं आत्यांना सोडवावं आन् मलाबी. मनात वाईट न्हवतं."

"कुणापाशी बोललीस?"

"श्रेयापाशी. दुसरं कोण हाय मला?"

"मंग झालं तर. तिनंच बोंब मारली गावभर. तिला आता ह्या घरात पाय ठेवू द्यायचा न्हाई."

सुदर्शन चहाचा कप धरून तिथंच उभा होता. त्यालाही तेव्हा वाटलं, श्रेयाच असणार. पोरगी जरा बोलघेवडी आहेच. पण दुसऱ्या दिवशी वाडीचं वायफाय सांभाळणारा सूरज रस्त्यात भेटला आणि डोळा मारून म्हणाला, "काय राव, तुमचा गोठा लई चालतोय. मालिका बघायच्या सोडून बाया दुपारी तेच लावून बसत्यात."

सुदर्शनला एकदम गोठ्यातला आपला कॅमेरा आठवला.

त्याचं असं झालं होतं. गाय गाभण होती, आणि उसातून बिबट्या येतो म्हणून त्यानं गोठ्यात आवाजासकट कॅमेरा बसवला. चित्र दाखवायला एका छोट्या कॉम्प्युटरवर सर्व्हर, म्हणजे मागेल त्याला चित्र पुरवणारा प्रोग्राम, चढवला. सर्व्हरच्या फायलीत एक ओळ असते: कुठल्या पत्त्यावर, त्याच्या कुठल्या पोर्टवर म्हणजे दारावर कुणी हाक मारली तर ओ द्यायची. त्या कॉम्प्युटरला पत्ते दोन होते. एक घरातल्या वायरीचा, आणि दुसरा वाडीच्या सामाईक वायफायचा, घरची लाईन बंद पडली तर असावा म्हणून त्यानंच जोडलेला. सुदर्शननं त्या ओळीत फक्त घरचा पत्ता आणि पुढं पोर्ट ८०८० लिहिला होता. हुशारीचं काम केलं होतं तेवढं.

मग एकदा लाईट गेली आणि आली. राऊटरनं कॉम्प्युटरला नवाच पत्ता देऊन टाकला. ज्या पत्त्यावर बसायला सांगितलं तो पत्ताच जागेवर नाही, म्हणून सर्व्हर सुरूच होईना. इकडं गाय आज व्यायची का उद्या अशी, तिकडं साहेबांची मीटिंग डोक्यावर. राऊटरमध्ये पत्ता कायमचा बांधून टाकला असता तर विषय मिटला असता. पण यानं काय करावं? ओळीतून पत्ताच खोडला आणि नुसता पोर्ट ठेवला. पत्ता नसला की सर्व्हर मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर ओ देतो, वाडीच्या वायफायवरसुद्धा. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पोटापाण्याचा धंदाच तो त्याचा. मीटिंग झाली की करू, पासवर्डही टाकू, असं म्हणाला. गाय व्याली, कालवड उड्या मारायला लागली, आणि ती ओळ तशीच राहिली.

सूरजपुढून तो तडक घरी आला, पत्ता बांधला, ओळ दुरुस्त केली, सर्व्हर पुन्हा चालू केला. चहा गार व्हायच्या आत काम झालं. आता सांगायचं तेवढं राहिलं होतं, आणि तिथं मात्र याची दातखीळ बसली. दादा काय म्हणेल, वहिनी काय म्हणतील, गावात तोंड कसं दाखवायचं. आज सांगू, उद्या सांगू करत तो नुसता लॅपटॉपमागं तोंड लपवून बसायचा.

मग आपल्यावर आळ आल्याचं कुणाकडून तरी कळून श्रेया स्वतःच आली. आदेश शेतावर असताना, हातात पिशवी घेऊन पडवीत बसली. "ताईला म्हणावं, एकदा भायेर ये. मी कुनाला काय बी सांगितलं न्हाई, आईशप्पथ."

सुदर्शन आत गेला. वहिनी आईच्या उशाशी बसल्या होत्या. त्यांनी नाही म्हणून नुसती मान हलवली. तो बाहेर येऊन म्हणाला, "झोपल्यात." श्रेयानं पिशवी तिथंच ठेवली आणि डोळे पुसत एसटीला निघून गेली. पिशवीत बहिणीच्या दुखऱ्या पाठीसाठी तेलाची बाटली होती.

ती बाटली बघितल्यावर त्याला राहवेना. वहिनी गोठ्यात पेंड कालवत होत्या. तो दारात उभा राहिला.

"वहिनी, श्रेयानं काय बी केलेलं नाही."

"तुमाला काय ठाऊक?"

त्यानं कॅमेऱ्याकडं बोट केलं. "ह्याचं चित्र आपल्या घरापुरतं ठेवायला पायजे व्हतं. मी सगळ्या वाडीला उघडं ठेवलं. चूक माझी हाय."

वहिनी कॅमेऱ्याकडं बघतच राहिल्या. "ह्यातून आवाज बी जातो?"

"जातो."

"मला वाटलं, नुस्ती गाय दिसती." पेंडीचे हात त्यांनी पदराला पुसले. "आता बंद केलंय?"

"केलंय. कळलं त्याच दिवशी."

"त्याच दिवशी." वहिनींचा आवाज चढला नाही. "मंजी माझी भैन मगाशी पडवीत रडत व्हती, तवा तुमाला ठाऊक व्हतं."

"व्हतं," सुदर्शननं कबूल केलं.

"आन् भाऊजी, गावानं ऐकलं ते ऐकलं. तुमी ऐकत व्हता का?"

खोटं बोलता आलं असतं. पण आता ते त्याच्यानं होईना. कामाच्या पडद्यावर एका कोपऱ्यात गोठा कायम लावलेला असायचा, कानात हेडफोन. वहिनींची पाठ धरते, त्या रात्री उठून उठून बेजार होतात, जेवताना हाताचा वास जात नाही म्हणून अर्ध्या पोटी उठतात, हे सगळं त्याच्या कानावर पडलं होतं.

"ऐकलं," तो म्हणाला.

"मंग काय केलं?"

"आवाज बारीक केला."

वहिनींनी पेंडीचं घमेलं बाजूला सारलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं त्याला. तेवढ्यात घरातून आईची हाक आली, "वैजा, ए वैजा." वहिनी सवयीनं उठल्या. मग परत खाली बसल्या, फोन काढला आणि श्रेयाचा नंबर लावला.

"तुमी जावा," त्या म्हणाल्या.

तो गेला. कोरडी गोधडी कुठं ठेवतात हेही त्याला माहीत नव्हतं. दोन ट्रंका उघडल्यावर सापडली. त्याला लुगडं-गोधडी आवरताना बघून आई कावरीबावरी झाली. "वैजाला बोलव. तुजं काम न्हाई ते."

"आज मीच हाय, आई."

आईनं लाजून भिंतीकडं तोंड केलं. त्यानं तिला वेड्यावाकड्या हातांनी उचललं, ती कण्हली, तो घाबरला, पण काम पुरं केलं. भिजलेली गोधडी मोरीत नेऊन धुतली. गोठ्यातून वहिनींचं रडणं ऐकू येत होतं, मधे मधे बोलणंही. त्यानं नळ मोठा सोडला, कारण ते आता त्याच्या कानासाठी नव्हतं.

संध्याकाळी आदेश आल्यावर सुदर्शननं सगळं सांगून टाकलं. आदेश त्याच्याकडं बघत राहिला, मग वहिनींकडं, आणि पाटावर बसला. वहिनींनी तिघांची ताटं वाढली. सुदर्शननं साबणानं दोनदा हात धुतले, भाकरी मोडली आणि घास तोंडाशी नेला. हाताला वास तसाच होता.