बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी

मंजिरीचं डोकं आज पुन्हा दुखायला लागलं, आणि सुमनताईंनी तिच्या कपाळावर हात ठेवला. लेक बाळाला घेऊन दवाखान्यातून माहेरी आली तेव्हापासून रोज सकाळी हेच चाललं होतं. आंघोळ झाली, शेक झाला की तिचं डोकं जड व्हायचं, मळमळायला लागायचं. दुपारी अंगणात उन्हाला बसली की बरं वाटायचं. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे. मालिशवाली गंगूबाई म्हणाली, नजर लागली. गंगूबाईचंही डोकं त्या खोलीतून बाहेर पडताना ठणकत असे, पण तिने ते आपल्या वयावर ढकललं. बाळ मात्र शेकानंतर गाढ झोपायचं, आणि येणारी-जाणारी प्रत्येक बाई म्हणायची, किती गुणी आहे हो!

बाळंतिणीला वारं लागू द्यायचं नाही, दार बंद ठेवायचं, खाटेखाली शेगडी ठेवायची, हे सुमनताई आपल्या आईच्या हाताखाली शिकल्या होत्या. शेगडी अंगणात पेटवायची आणि धूर निघून कोळसे लालबुंद झाले की मगच आत आणायची. धूर नाही म्हणजे धोका नाही, अशी त्यांची खात्री होती. वस्तीतल्या सगळ्या बायकांची होती. आणि खरं सांगायचं तर, वाचकहो, तुमची-आमचीही तीच असते.

पूर्वी या खोलीची खिडकी निदान उघडी असायची. यंदा सुमनताईंचे यजमान अच्युतराव यांनी ती स्वतःच्या हाताने गोणपाट कोंबून बंद केली होती. कारण बाहेर धूर होता.

हा धूर आला कुठून, तेही सांगायला हवं. ही वस्ती इंदूरच्या एका कापड मिलच्या मागे, कामगारांनी आणि बाबूलोकांनी बांधलेली. मिल चालू होती तोवर तिच्या बॉयलरचं उरलेलं गरम पाणी भिंतीपलीकडच्या हौदात यायचं. हिवाळ्यात पहाटे सगळी वस्ती बादल्या घेऊन तिथे हजर. मिल बंद पडली आणि हौद कोरडा झाला. मग ज्याने-त्याने आपापल्या दारात शेगडी मांडली. कोणी दगडी कोळसा जाळी, कोणी लाकडाचा भुसा, कोणी सायकलचे जुने टायर. एका मोठ्या चिमणीच्या जागी दारोदारी धूर झाला. हवा शुद्ध राखायची असेल तर आपली खिडकी लावून घ्यावी, एवढाच उपाय प्रत्येकाला सुचला.

दुसरा उपाय सुचला होता तो द्वारकाबाईंना. या अच्युतरावांच्या शेजारीण. महूच्या लष्करी इस्पितळात नर्स म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या, आणि बोलायला फटकळ. त्यांचं म्हणणं असं की, सगळ्या वस्तीचं पाणी एकाच जागी तापवावं. उन्हावर पाणी तापवणाऱ्या काचेच्या पेट्या बसवाव्यात, मोठी टाकी ठेवावी, ऊब टिकावी म्हणून वेष्टन गुंडाळलेल्या नळाने पाणी दारोदार न्यावं, आणि ढगाळ दिवसांसाठी बाहेर उंच चिमणीची एकच भट्टी ठेवावी. इंजिनिअरिंग कॉलेजचे एक प्रोफेसर येऊन वस्ती पाहूनही गेले. अडचण एकच होती. सगळ्यांच्या घरांवर कवेलू, म्हणजे मातीची कौलं; टाकीचं वजन पेलेल अशी पक्की छत एकट्या अच्युतरावांची.

अच्युतरावांनी साफ नकार दिला. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. मिलच्या टाइम ऑफिसात, कामगारांच्या हजेऱ्या आणि पाळ्या लिहिण्यात उभी हयात गेली. मिल आपल्या सगळ्यांची आहे असं ऐकत ते म्हातारे झाले, आणि एका सकाळी फाटकाला कुलूप दिसलं. तेव्हापासून ‘सगळ्यांचं’ हा शब्द ऐकला की त्यांना धडकी भरे. आज छत दिली, उद्या लोक हक्क सांगतील, परवा भांडणं आपल्या दारात येतील. द्वारकाबाईंना ते म्हणाले होते, “सांझं-सामाईक काही नको, जी. ज्याची आग त्याच्या घरी.”

आणि त्यांच्या घरची आग त्यांच्या लेकीच्या खाटेखाली होती.

त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. ऊन नाही म्हणून मंजिरी अंगणात आली नाही, आणि थंडी जास्त म्हणून सुमनताईंनी शेगडी नेहमीपेक्षा जास्त वेळ आत राहू दिली. त्या स्वयंपाकात गुंतल्या. अच्युतरावांनी चहा हवा का म्हणून लेकीला हाक मारली. उत्तर आलं नाही. पुन्हा मारली. मग त्यांनी दार लोटलं.

मंजिरी शांत पडली होती. गाल लालसर होते, त्यामुळे क्षणभर त्यांना बरंच वाटलं. मग त्यांनी तिचा हात उचलला आणि तो तसाच खाली पडला. बाळाकडे पाहिलं तर बाळही झोपलेलं, गुणी, अगदी शांत. अच्युतरावांनी अशी आरोळी ठोकली की, शेजारच्या द्वारकाबाई हातातली परात टाकून धावत आल्या.

दारातच त्यांनी शेगडी पाहिली, खिडकीतलं गोणपाट पाहिलं आणि पदर नाकाला लावून त्या आत शिरल्या. “बाहेर! आधी दोघींना बाहेर काढा!” गोणपाट त्यांनी ओढून फेकलं. स्वयंपाकघरातून धावत आलेल्या सुमनताईंनी बाळ उचललं, उरलेल्या दोघांनी मंजिरीला फरफटत अंगणात आणलं. थंड हवेत थोड्या वेळाने मंजिरीने डोळे किलकिले केले आणि ओकारी काढली. बाळ हलेना. द्वारकाबाई त्याच्या इवल्याशा तोंडात हलकी फुंकर घालत राहिल्या. सुमनताई देवाचं नाव घेत होत्या, तेही त्यांना धड घेता येत नव्हतं. आणि मग बाळ रडलं. बारीक, चिरकं, तुटक. असा गोड आवाज अच्युतरावांनी जन्मात ऐकला नव्हता.

टेम्पोतून दोघींना इस्पितळात नेलं, ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. बाहेरच्या बाकावर अच्युतराव बसून होते. पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते की, धूर तर नव्हता, धूर बिल्कुल नव्हता.

“धूर निदान दिसतो तरी,” द्वारकाबाई म्हणाल्या. “हा वायू दिसत नाही, वास येत नाही. बंद खोलीत कोळसा जळला की माणसाला झोपेतच घेऊन जातो. डोकं दुखून राहिलं होतं तिचं, बाहेर आली की बरं वाटत होतं. तेव्हाच कळायला पाहिजे होतं, मलाही. अच्युतभिया, तुम्ही खिडकी बंद केली ती शेजाऱ्यांच्या धुराला. शेजाऱ्यांनी केली तुमच्या धुराला. आता सगळे आपापल्या शेगडीपाशी बंद होऊन बसलेत. सांझं काही नको म्हणता, पण हवा तर सांझीच आहे न? ती कशी वाटून घ्याल?”



संध्याकाळी कपडे आणायला अच्युतराव घरी निघाले. वस्तीत शिरले आणि जागीच थबकले. घरोघरी रात्रीसाठी शेगड्या फुलत होत्या. प्रत्येक खिडकीत कोंबलेलं होतं गोणपाट, गोधडी, नाहीतर जुना स्वेटर. रोज हे दृश्य पाहत होते, पण आज त्यांना प्रत्येक खिडकीमागे आपल्या लेकीची खोली दिसली. समोरच्या बाबूरावांच्या घरात धाकटा नातू देवांश खोकत होता, आणि बाबूराव शेगडी उचलून आत नेत होते. अच्युतराव धावले. त्यांनी शेगडी धरून ठेवली आणि खिडकीतली गोधडी खेचून काढली.

“पागल झाले काय, भिया?” बाबूराव भडकले.

अच्युतरावांनी सकाळची हकीकत सांगितली. सांगता सांगता रडले. मग दारोदार जाऊन त्यांनी खिडक्या उघडायला लावल्या, शेगड्या बाहेर ठेवायला लावल्या, आणि शेवटी इस्पितळातून परतलेल्या द्वारकाबाईंचं दार वाजवून म्हणाले, “प्रोफेसरांना बोलवा. माझी छत घ्या.”

पुढचं काम काही चुटकीसरशी झालं नाही. टाकी चढली, पेट्या बसल्या, नळ गळले, पुन्हा जोडले. अच्युतरावांना वाटत होती ती भांडणंही झाली, आणि त्यांच्याच दारात झाली. ती त्यांनीच बसून मिटवली. टाइम ऑफिसातल्या माणसाला पाण्याच्या पाळ्या लावणं जड नव्हतं. ढगाळ दिवसांत एकच भट्टी पेटे, तिचा धूर उंच निघून जाई. कोळशाची गाडी वस्तीत येईनाशी झाली.

नागरिकहो, शहराची हवा कुंपण घालून आपल्यापुरती राखता येत नाही. घरोघरी वेगळी आग लावून आपण स्वतंत्र होत नाही, एकमेकांच्या धुरात कोंडले जातो. ऊब वाटून घेतली तरच प्रत्येकाच्या वाट्याला श्वास येतो.

पुढच्या हिवाळ्यात मंजिरी लेकीला घेऊन आली. बाळाचं नाव आता अनुश्री. खिडकी सताड उघडी होती आणि सुमनताई नळाच्या ऊन पाण्याने नातीला न्हाऊ घालत होत्या. डोळ्यात साबण गेला तशी अनुश्रीने सारी वस्ती डोक्यावर घेतली. सुमनताई तिला गप्प करू लागल्या, तेवढ्यात अच्युतराव अंगणातून म्हणाले, “राहू दे. रडू दे तिला.”