दोन खाचांनंतर पायरी

शेवटचा स्क्रू काही केल्या हलेना. तिने पेचकस दोन्ही हातांत धरला, गुडघा भिंतीला टेकवला आणि सगळं अंग त्यावर टाकलं. स्क्रू कुरकुरला, पाव वेढा फिरला आणि पुन्हा रुसून बसला.

“जपून. डोकं घासेल त्याचं,” आई म्हणाली. ती पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला पुट्टीचा डबा घेऊन बसली होती आणि रिकाम्या झालेल्या भोकांमध्ये एकेक करून पांढरा लगदा भरत होती.

“घासू दे. अकरा भाऊ निमूट निघाले, हाच एक अडून बसलाय. धाकटा असणार.”

“एकुलत्या एकीने धाकट्यांच्या हट्टावर बोलू नये.”

ती हसली, आणि हसण्याच्या भरात बसलेल्या हिसक्याने स्क्रू सुटला. भिंतीवरचा लांबलचक लाकडी दांडा अलगद तिच्या कुशीत आला. तो इतका हलका असेल असं तिला कधीच वाटलं नव्हतं. खालच्या अंगाला लाकूड अजून खरबरीत होतं. वरच्या अंगाला मात्र सात वर्षं एकच तळवा फिरून फिरून ते इतकं गुळगुळीत झालं होतं, की बोट ठेवलं की आपोआप पुढे सरकायचं. मध्यावर कानशीने पाडलेली एक खाच होती. शेवटाजवळ दोन.

“हा माझ्या पलंगाखाली,” ती म्हणाली.

“नव्या घरात भिंतीला खिळासुद्धा मारायचा नाही. करारात लिहिलंय.”

“मीच तर तुला वाचून दाखवलं. लावायचा नाहीये गं. ठेवायचाय.”

आईने मान वर केली नाही. भरलेल्या भोकावरून ओला अंगठा फिरवून तिने ते सपाट केलं आणि पुढच्या भोकाकडे सरकली. बाबांच्या बाकीच्या वस्तू गेल्या आठ महिन्यांत एकेक करून गेल्या होत्या. कपडे दिले गेले, काठी शेजारच्यांनी मागून नेली, घड्याळ बंद पडलं. हाताचा माग राहिलेला असा हा दांडाच काय तो उरला होता.

घर भाड्याचं होतं. मालकाला स्वतःला राहायला हवं म्हणून तीन महिन्यांपूर्वी रीतसर पत्र आलं. तिने लगेच वाचनालयातून भाडेकरूंच्या हक्कांची पुस्तिका आणली आणि कुठे बोट ठेवायला जागा मिळते का हे रात्री जागून पाहिलं. मिळाली नाही. मुदत बरोबर होती, कारण बरोबर होतं, करारही संपतच आला होता. पत्र मालकाच्या मुलाने लिहिलं होतं. त्यात शेवटी एक ओळ होती: घर मूळ स्थितीत परत करावे.

“दांड्याला मालक आजोबांनी हो म्हटलं होतं,” तिने तेव्हा आईशी भांडण काढलं होतं.

“तोंडी म्हटलं होतं.”

“तोंडी म्हणजे वाऱ्यावरची वरात! लेखी का नाही घेतलं?”

“वकीलबाई, तेव्हा तुम्ही नऊ वर्षांच्या होतात. सल्ला घ्यायचा राहून गेला.”

शिवाय यादी होती. घर ताब्यात घेताना बाबांनी स्वतः केलेली, दोन प्रतींत. बाबा सुट्या भागांच्या गोदामात स्टोअरकीपर होते, यादीशिवाय त्यांना झोप यायची नाही असं आई म्हणायची. वस्तू, संख्या, स्थिती, शेरा असे चार रकाने आखलेले, आणि मोत्याच्या दाण्यांसारखं अक्षर. स्वयंपाकघरातला नळ, एक, ठिबकतो. शेरा: पण ताल सोडत नाही. बाहेरच्या खोलीची खिडकी, एक, नीट लागत नाही. शेरा: वाऱ्याशी तिचं पूर्वीपासूनचं ठरलेलं असावं. आज सकाळी आईने पुट्टी कालवायच्या आधी तिला पॅसेजची ओळ मोठ्याने वाचायला लावली होती.

“पॅसेज. भिंती कोऱ्या, भोक एकही नाही. शेरा: अंधार फुकट.”

“बघ,” आई म्हणाली होती. “त्यांनीच लिहून ठेवलंय. आता त्यांना खोटं पाडायचं का?”

तेव्हा बाबांना दिसत होतं. पुढे दिसेनासं झालं ते इतकं हळूहळू, की वर्षभर त्यांनी ते कुणाला कळू दिलं नाही. चष्मा बदलायला हवा म्हणायचे. चहा कपाशेजारी ओतायचे. एकदा खुंटीवरच्या कोटाला “या, बसा” म्हणाले, आणि ती पोट धरधरून हसली होती. त्यांनीही हसून दिलं होतं. मग एका सकाळी बाथरूमच्या पायरीवरून ते पडले, मनगट मोडलं, आणि सगळं बाहेर आलं. जुन्या शिडीचा दांडा घेऊन तीन आठवडे ते पॉलिशपेपरने घासत बसले. खाचा त्यांनी स्वतः पाडल्या. एक आली की समोर स्वयंपाकघराचं दार. दोन आल्या की पायरी.

नंतर लाकडावरून तळवा फिरल्याचा तो सर्र आवाज घरभर ऐकू यायचा, आणि पाठोपाठ हाक यायची, “गाडी सुटली हो, फलाट मोकळा करा!” आई असेल तिथून उठायची आणि वाटेतलं स्टूल, बादली, दप्तर, जे असेल ते उचलायची. पुढे पुढे हाक मारायची गरजच उरली नाही. आवाज आला की आईचा हात आपला आपण वस्तूकडे जायचा.

चार वाजता मालक आले. एकटेच. उंच, इस्त्रीचा सदरा, काखेत पुठ्ठ्याला लावलेली यादीची दुसरी प्रत. उंबऱ्यावर क्षणभर थांबून त्यांनी चौकटीला हात लावला, मग आत आले. ती दांडा बाहेरच्या खोलीत बांधलेल्या गाठोड्यांशेजारी टेकवून, पुस्तिका मागच्या खिशात खोचून, तयारच होती.

“मुलगा आला नाही?” आईने विचारलं.

“त्याला कामं. आणि त्याचं एकच पालुपद, एकटे कसे राहाल. म्हटलं, चौथ्या मजल्यावर तुमच्या गळ्यात पडून राहण्यापेक्षा माझ्या तळमजल्यावर बरा. हातपाय धड आहेत, डोळे धड आहेत. एक जरी काही बिघडलं तर उचलून नेईन म्हणतो. मी काय कपाट आहे?”

“कपाट असतात तर यादीत असता,” ती म्हणाली.

“गप गं,” आई म्हणाली. मालक मात्र मोकळं हसले.

“बापावर गेलीस. बरं, तू वाच, मी खुणा करतो. चष्मा नेमका घरी राहिला.”

ती वाचू लागली. आवाजात जरा धार ठेवूनच, कारण भिंतीवरच्या एखाद्या ओरखड्यावरून ते अनामत कापायची गोष्ट काढतील आणि मग आपण ‘नेहमीच्या वापराने होणारी झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही’ हे वाक्य टाकू, असं तिने ठरवून ठेवलं होतं. वाक्य वापरायची वेळच येईना. खिडकी, बरोबर. फरशी, बरोबर. नळ, ताल सोडत नाही, बरोबर. मालक प्रत्येक ओळीला मान डोलवत होते आणि पेन्सिलीने खूण करत होते.

“भिंती छान ठेवल्यात,” पॅसेजच्या तोंडाशी उभं राहून ते आईला म्हणाले. “दांडा होता असं वाटतसुद्धा नाही.”

आईने भिंतीकडे पाहिलं. पुट्टीचे ओले पांढरे ठिपके, बारा, एका ओळीत, लांबूनही उठून दिसत होते. म्हाताऱ्या माणसाने मन राखलं असं वाटून ती ओशाळी हसली. “रंगाचा हात अजून मारायचाय,” म्हणाली.

लेकीने मात्र पुढची ओळ वाचण्याआधी सहज त्यांच्या पुठ्ठ्यावर नजर टाकली. इतक्या सगळ्या खुणा, आणि बहुतेक एकाच ओळीवर, एकमेकींच्या अंगावर पडलेल्या. शेवटच्या दोन तर कागदाच्या बाहेर, पुठ्ठ्यावर.

मालक पॅसेजमध्ये शिरले. त्यांनी पेन्सिल सदऱ्याच्या खिशात टाकली आणि उजवा हात भिंतीवर गेला, नेमका त्याच उंचीवर. बोटं थोडा वेळ हवेत काहीतरी चाचपत राहिली. काहीच सापडलं नाही तेव्हा तळवा भिंतीला टेकला आणि एक ओला ठिपका पुसत पुढे गेला. पाऊल पायरीच्या कडेशी आलं होतं. ती धावली आणि तिने त्यांचं कोपर धरलं.

“पायरी आहे, आजोबा.”

“माहीत आहे मला,” ते ताडकन म्हणाले. “घर माझं आहे.”

नळ ठिबकत होता. मालकांनी बोटांना लागलेली पुट्टी रुमालाला पुसली, पुन्हा पुन्हा, ती गेल्यानंतरही.

“पुढे वाच,” ते हळू आवाजात म्हणाले. “पॅसेजचं काय लिहिलंय?”

ओळ समोर होती, बाबांच्या अक्षरात, स्वच्छ. पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला आई उभी होती. आईला ती ओळ पाठ होती.

“पॅसेज,” ती म्हणाली. “उजव्या भिंतीला लाकडी दांडा. संख्या, एक.”

आईने तिच्याकडे पाहिलं. मालकांच्या हातातला रुमाल थांबला.

“असं लिहिलंय?”

“हो.”

“स्थिती?”

“गुळगुळीत.”

“आणि शेरा? तुझे बाबा शेऱ्याशिवाय सोडायचे नाहीत.”

तिला वाटलं होतं की एवढं बोलून झालं. पुढचं काही तिने ठरवलं नव्हतं.

“एक खाच आली की समोर स्वयंपाकघर. दोन आल्या की पायरी.”

मालकांनी आपली प्रत तिच्यापुढे धरली. “यातही आहे का बघ बरं.”

तिने पाहिलं. भिंती कोऱ्या, भोक एकही नाही. अंधार फुकट.

“आहे,” ती म्हणाली.

“असणारच. तुझ्या बाबांची यादी कधी चुकली नाही.” त्यांनी मान खाली घातली. “मग तो दांडा आहे कुठे?”

“रंगासाठी काढला होता. लावून देते.”

“लाव. यादीत आहे म्हटल्यावर हवाच. मुलाला मी सांगेन, पहिल्यापासून होता म्हणून.”

सही करताना त्यांनी पेन उघडलं आणि ते कागदावर नुसतंच अधांतरी धरून राहिले. तिने कंपासातली पट्टी काढली, सहीच्या जागेखाली आडवी धरली आणि त्यांच्या पेनाचं टोक पट्टीच्या कडेला टेकवून दिलं. बाबांसाठी ती असंच करायची. पट्टी कशाला, असं त्यांनी विचारलं नाही. सही सरळ आली.

दांडा उचलताना तिने तो एकदाच गालाला लावला. आईने पाहिलं आणि लगेच तोंड फिरवलं. पुट्टी अजून ओलीच होती, जुनी भोकं चटकन सापडली. आई स्क्रूंची वाटी घेऊन शेजारी बसली आणि एकेक स्क्रू तिच्या हातावर ठेवत गेली. अकरा झाले. बारावा, तो हट्टी, डोकं घासलेला, आईने तळहातावर जरा जास्त वेळ ठेवला.

“हा ठेव हवं तर,” आई म्हणाली. “अकरांवर टिकेल तो.”

तिने नकारार्थी मान हलवली आणि स्क्रूसाठी हात पुढे केला.

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. तिने पहिलं गाठोडं उचललं. आई शेवटची नजर टाकायला पॅसेजच्या तोंडाशी गेली, तेव्हा मालक तिकडच्या टोकाला एकटेच उभे होते, भिंतीकडे तोंड करून. त्यांनी हात वर उचलला आणि दांड्यावर ठेवला.

सर्र, असा आवाज आला.

गाठोडं हातात धरून ती दारातच थांबली. आवाज मध्यावर क्षणभर अडला, पुढे निघाला. आई खाली वाकली आणि वाटेतला पुट्टीचा डबा उचलून तिने छातीशी धरला.