डाव्या गालाला हात

चाळिशी उलटल्यावर तिच्या गालावर तारुण्यपिटिका आल्या. नाव ऐकून ती हसली. तारुण्य कधीच गेलं, पिटिका तेवढ्या मागे राहिल्या. पण हसून भागणार नव्हतं. ती दुकानात चेहऱ्याची क्रीमं विकायची, आणि तिच्याच गालावर फोड म्हणजे दिव्याखाली अंधार. मालकीण स्पष्टच बोलली, "चेहरा नीट कर, नाहीतर मागे गोदामात बस."

फोड फक्त डाव्या गालावर होते. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिलं.

"या वयातही येतात, घाबरू नका. रात्री हे जेल लावा, तोंड घासू नका, फोड फोडू नका. दोन-तीन महिने धीर धरा. आणि गालाला हात लागू द्यायचा नाही, कुणाचाच." मग त्यांनी विचारलं, "या बाजूला रोज काय लागतं?"

"काही नाही हो," ती साफ खोटं बोलली.

नवरा जाऊन वर्ष झालं होतं. हा गडी डोक्याला मानेवर ओघळेपर्यंत तेल थापायचा, आणि त्यावरून तिने जन्मभर त्याचं डोकं खाल्लं. आता त्याच्याच उशीवर, त्याच न धुतलेल्या अभ्र्यावर ती डावा गाल टेकून झोपायची. तेलाने त्वचेची छिद्रं बुजतात हे क्रीमं विकणारीला का ठाऊक नव्हतं? पण अभ्रा धुतला की तो गेलाच.

दोन महिने जेल लावूनही फरक पडेना. शेवटी पोटापुढे तिने हात टेकले. अभ्रा उकळत्या पाण्यात टाकला. उशी आणि तेलाची बाटली कचऱ्यात गेली. त्या दिवशी ती धाय मोकलून रडली.

गाल हळूहळू निवळला. मालकीण खूश झाली.

मग एका सकाळी नव्या उशीशेजारी तिला तेलकट डाग दिसला. वास ओळखीचा होता. ती दचकली आणि, खरं सांगायचं तर, तिला बरंही वाटलं. आरशात पाहिलं तर डाव्या गालावर चार फोड, एका तिरप्या ओळीत. तिने आपली चार बोटं न टेकवता त्यांच्यावर धरली. जुळेनात. ती ओळ मोठ्या पंजाची होती.

दुकानात मालकीण कडाडली, "हात लावलास ना?"

"मी नाही लावला," ती म्हणाली आणि आपणहून गोदामाकडे निघाली.