कुंडीतला चमचा

आमच्या बँडचं नाव ‘खारे हेरिंग’, म्हणजे आमच्या ताटातले खारवलेले मासे. न्यूयॉर्कात, क्वीन्सच्या ज्यू वस्तीत आमची बऱ्यापैकी चलती होती. लोकांच्या लाडक्या रॉक गाण्याची चाल उचलायची आणि त्यात आपल्या घरचं रडगाणं कोंबायचं, हा आमचा धंदा. गेदाल्या गायचा, मी ड्रम बडवायचो. आई म्हणायची, एवढं शिकवलं आणि पोरगा डबे वाजवतो. तिचं काही चुकत नव्हतं.

म्हणून मिसिसिपीतल्या एका आडगावाहून बोलावणं आलं तेव्हा मीच चक्रावलो. गावात सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनामंदिर होतं, पण ज्यू उरले होते औषधापुरते. बोलावणारे मिस्टर सिग, बुटांचं दुकान चालवणारे, ऐंशी उलटलेले. आम्ही सिनेगॉगच्या दारात सामान उतरवतोय तेवढ्यात त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं.

“तुमची गाणी ऐकलीत मी. मांजरं भांडतात तसं वाटतं. पण पोस्टरवर चार डोकी दिसली.”

त्यांच्या बायकोची, हॅटीची, पुण्यतिथी त्या दिवशी सूर्यास्ताला लागत होती. गेलेल्या माणसासाठी कद्दिश ही प्रार्थना म्हणायची तर दहा ज्यू पुरुष लागतात. गावात उरले होते सहा. ती गेल्यापासून एकाही तिथीला बिचाऱ्यांना कद्दिश म्हणता आलं नव्हतं. मोठ्या शहरातले लोक दर वर्षी येतो येतो म्हणायचे आणि यायचे नाहीत. म्हणून म्हाताऱ्याने अख्खा बँडच मागवला, तोही गाण्यासाठी नाही, डोक्यांसाठी. खरं तर मला राग यायला हवा होता.

घोडं अडलं ते टोनीपाशी. आमचा कीबोर्डवाला टोनी कालाब्रेझे, काळे कुरळे केस, ही एवढी दाढी. इतकी वर्षं आमच्याबरोबर वाजवून त्याचं हिब्रू माझ्यापेक्षा स्वच्छ झालेलं. पोस्टर बघून भले भले फसायचे. पण तो पक्का कॅथलिक. बोलायला आमची जीभ रेटेना, शेवटी त्यानेच सांगितलं. इतका ओशाळला होता की जणू कॅथलिक घरात जन्म घेऊन त्याने म्हाताऱ्याचा गुन्हाच केला होता.

मिस्टर सिगनी बोटांवर पुन्हा मोजलं, नऊच भरले. मग म्हणाले, “बरं. खुर्च्या मांडल्यात, वाजवा आता.” आणि टोपी सारखी करून पहिल्या रांगेत जाऊन बसले.

कसलं वाजवतोय डोंबल. समोर सगळे चर्चला जाणारे शेजारी, सिगच्या शब्दाखातर आलेले; गावातले बाकीचे पाच ज्यू सूर्यास्तालाच यायचे होते. मिस्टर सिग हसले की हसायचे, आणि मिस्टर सिग तर हसतच नव्हते. तेवढ्यात आमचं चमच्याचं गाणं आलं. त्यात पोरगा प्रेयसीला घरी आणतो आणि ती बया दुधाचा चमचा मटणाच्या रश्शात घालून ढवळते. आमच्यात दुधाची आणि मटणाची भांडी वेगळी. असा चमचा बाटला की आमच्या आज्या तो फुलझाडाच्या कुंडीत खुपसून ठेवायच्या, म्हणजे शुद्ध होतो म्हणे. हे कुठल्या पोथीत नाही, पण आज्यांना पोथी दाखवणार कोण? गेदाल्या कळवळून गातो, ‘आईने प्रेम माझं कुंडीत रोवलं’, आणि थांबतो. क्वीन्समध्ये या ओळीला छप्पर उडतं. इथे चिडीचूप.

आणि मागच्या रांगेत एक माणूस एकटाच खो खो हसत सुटला.

एसी दुरुस्त करणाऱ्याचा गणवेश, लालबुंद मान. डोळे पुसतोय, बायको कोपराने ढोसतेय, तरी हसतोय. मी ताल सोडला. म्हटलं कार्यक्रम गेला खड्ड्यात. काठ्या हातात घेऊन तडक त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि एवढं हसायला काय झालं ते विचारलं. तो बिचारा घाबरला. नाव म्हणाला डेल रकर.

“माझ्या आजीच्या कुंड्यांत चमचे असायचे,” तो म्हणाला. “आम्हाला वाटायचं, म्हातारीला वेड लागलंय.”

“आईची आई, की बापाची?”

“आईची. का?”

आमच्यात मूल आईच्या वंशाचं, म्हणजे हा ज्यूच, आमचा दहावा. माझा जीव भांड्यात पडला. मी मागे वळलो तर मिस्टर सिग उठून उभे होते, खुर्चीची पाठ धरून.

“घाई आहे का रे तुला?” त्यांनी डेलला विचारलं.

“नाही. पण मला यातलं काही येत नाही.”

“उभं राहता येतं ना?”

सूर्य मावळल्यावर मिस्टर सिगनी हॅटीसाठी कद्दिश म्हटलं. पाठ असलेलं, तरी दोनदा अडखळले. डेलला ‘आमेन’ कधी म्हणायचं ते कळेना, तर टोनी त्याच्यामागे उभा राहून कानात सांगत होता. ज्याला आम्ही दहांत धरू शकत नव्हतो, त्यानेच दहाव्याला सांभाळून घेतलं. मी काही फारसा देवभोळा नाही. पण त्या फालतू गाण्याबद्दल, गेदाल्याच्या भसाड्या गळ्याबद्दल, टोनीबद्दल मी देवाचे मनापासून आभार मानले.

झालं, आता मिस्टर सिग दिवे मालवतील असं वाटलं. डेल मात्र हलेना.

“आजीसाठी कुणी म्हटलं असेल का हो हे?” त्याने विचारलं.

म्हटलं नसणार, हे सगळ्यांनाच कळत होतं. तिची लेक चर्चमध्ये लग्न करून गेलेली.

“नाव काय तिचं?” मिस्टर सिगनी विचारलं.

“फ्रेडा.”

त्यांनी हातानेच आम्हाला खूण केली, जाऊ नका. एखादं स्तोत्र वाचलं की पुन्हा कद्दिश म्हणता येतं. त्यांनी पुस्तक उघडून स्तोत्र वाचलं, डेलला हाताला धरून आपल्या जागी उभं केलं आणि कद्दिशचा पहिला शब्द सांगितला. डेलने तो म्हटला. मग दुसरा. आम्ही उभेच होतो.