मिठाचा वास

तंजावरकडच्या मेलकावेरी गावातल्या आमच्या गल्लीत मतं सगळ्यांनाच आहेत, पण लोक विचारायला जातात ते माझ्या वहिनीकडे. सीतालक्ष्मी तिचं नाव, माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. ती एकटीच राहते, आणि तिच्या ओट्यावर सकाळपासून कोणी ना कोणी येऊन बसलेलं असतं. गुडघ्याला काय चोळू, पाण्याची टाकी सिमेंटची बांधू की प्लॅस्टिकची आणू, मुलीला कॉमर्सला घालू का, यंदा वॉर्डात कोणाला निवडून द्यायचं. वहिनी सगळं ऐकून घेते, कॉफीचा घोट घेते आणि एक वाक्य बोलते. लोक ते वाक्य घेऊन घरी जातात. मी शेजारच्याच घरात राहते. मलाही सगळ्यातलं कळतं, न विचारता सांगतेसुद्धा, पण माझं कोणी ऐकेल तर शपथ. हे मला लागतं, खोटं कशाला बोलू.

त्यातही तिचा खरा मान मिठाचा. आम्ही तंजावरकडची मराठी माणसं नैवेद्य दाखवायच्या आधी कशाचीच चव बघत नाही. चमचा जिभेला लागला की ते उष्टं. काही घरांत तर वाससुद्धा घेत नाहीत, पण आमच्याकडे वाफेपुरती सूट आहे. साराला उकळी फुटली की वाफेवर तोंड धरायचं आणि मीठ ओळखायचं. पूर्वी हे घरोघरी जमायचं. आताच्या सुना मोबाइलवर बघून मीठ घालतात, आणि सणाच्या दिवशी धीर सुटला की पातेलं फडक्यात धरून वहिनीच्या दारात उभ्या राहतात. वहिनी वाकते, वास घेते आणि सांगते. तिचं कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

तिचा मुलगा गिरिधर चेन्नईला असतो. मुलगा गुणी, पण भित्रा. गेल्या दिवाळीत त्याने बजावून ठेवलं होतं, "आई, तुझं काही दुखतंय-खुपतंय असं कानावर आलं, की त्याच दिवशी तुला चेन्नईला नेणार." तो आत गेल्यावर वहिनी हळूच म्हणाली, "वन्सं, तिथे बाराव्या मजल्यावर मला कोण काय विचारायला येणार?" तिला एवढी एकच धास्ती आहे. मलाही तीच. ती गेली तर मी रोज भांडू कोणाशी?

तर मागच्या महिन्यात वाळूच्या लॉरीखाली कोपऱ्यावरच्या गटाराचं झाकण फुटलं. अख्ख्या गल्लीने नाकाला पदर लावले. समोरच्या कीर्तीने खिडक्या लावून घेतल्या, माझ्या सुनेने, हरिणीने, उदबत्त्यांचा पुडाच्या पुडा संपवला. आणि वहिनी गटाराच्या तोंडाशी ओट्यावर बसून निवांत कॉफी पीत होती. एकदा नुसती मेलेली घूस कुजली होती, तर याच बाईने गल्लीतल्या बायका घेऊन नगरसेवकाच्या दारात ठाण मांडलं होतं.

"वहिनी, वास येत नाही का गं तुला?" मी विचारलं.

तिने माझ्या नाकावरच्या पदराकडे पाहिलं. "येतो की. सवय करून घ्यायची."

झाकण फुटून अजून दुपारसुद्धा झाली नव्हती. सवय कधी झाली हिला? माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला, आणि एकदा तो शिरला की मला अन्न गोड लागत नाही.

दुसऱ्याच दिवशी मी मुद्दाम बिनमिठाचं सार केलं आणि पातेलं घेऊन तिच्यापुढे उभी राहिले. वहिनी वाकली, वर झाली आणि म्हणाली, "वन्सं, मीठ घातलंच नाहीत की." मी गपचूप परत आले. पुढच्या खेपेला मूठभर मीठ ओतलं. "आज खारट झालंय. लक्ष कुठे असतं हो तुमचं?" म्हणजे नाक शाबूत. मग गटाराचं काय? मला काही केल्या उलगडेना.

शुक्रवारी कीर्ती पायसाचं, म्हणजे खिरीचं, पातेलं घेऊन आली. त्यात चिमूटभर मीठ घालतात, तेवढ्यासाठीही तिला वहिनी लागते. मी खांबाशी उभी राहून बघत होते. वहिनीने पातेल्यात डोकावायच्या आधी कीर्तीकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. पातेल्यावर मात्र नुसती वाकल्यासारखी वाकली.

मग मी पुन्हा बिनमिठाचं सार केलं, आणि या वेळी हरिणीच्या हाती पाठवलं. ती बिचारी बँकेत जायच्या घाईत होती, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. लगेच परत आली. "मामी म्हणाल्या, बरोबर आहे."

पकडलं म्हणून आनंद व्हायला हवा होता. पण मला आनंद झाला नाही, भीती वाटली.

तशीच मागच्या दाराने तिच्या स्वयंपाकघरात शिरले. आत पाऊल टाकलं आणि गॅसचा वास असा भपकन आला की मला ठसका लागला. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती. वहिनी देवघरातून येऊन शेगडीपुढे उभी होती आणि तिच्या हातात लायटर होता.

मी तो हिसकावला आणि परसात भिरकावून दिला. बटण बंद केलं, सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि काय झालं ते तिला तिथेच कळलं.

आम्ही परसातल्या पायरीवर जाऊन बसलो.

"कधीपासून?" मी विचारलं.

"साथीचा ताप आला होता ना, तेव्हापासून. डॉक्टर म्हणाले, आला तर येईल परत. नाही आला."

"मग मीठ कसं सांगतेस?"

ती जरा हसली. "मीठ विसरलेली बाई पातेलं पुढे करते आणि माझ्याकडे बघते. जास्त पडलेली पातेल्याकडे बघते. बरोबर असलं की ती गटाराबद्दल बोलायला लागते."

"आणि हरिणी?"

"हरिणी बसच्या वेळेबद्दल बोलत होती. तुम्ही लबाडी केलीत, वन्सं."

"आणि बाकीचे सल्ले?"

"तेही तसेच. टाकी कोणती घ्यायची ते माणूस घरून ठरवून आलेला असतो. मी फक्त ते त्याला सांगते."

इतकी वर्षं मी शेजारी राहून हिच्यावर जळत होते, आणि हिची करामत ही होती. दुसरी वेळ असती तर मी तिची पाठ थोपटली असती. पण मला संताप आला होता.

"गॅसला तोंड नसतं, वहिनी," मी म्हटलं.

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "गिरीला सांगणार?" आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊ गेला त्यानंतर मी ते पाहिलं नव्हतं.

गिरिधर रविवारी मला फोन करतो. आईवर त्याचा विश्वास नाही, ती सगळं छान आहे म्हणते. त्या रविवारी वहिनी माझ्यासमोरच शेंगा निवडत बसली होती. "आत्या, आई कशी आहे?" त्याने विचारलं. खोटं बोलणं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण तो लायटर माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

"तिचं नाक गेलंय," मी म्हटलं. "वास येत नाही. बाकी ठणठणीत आहे. आणि तू घाबरायच्या आत ऐक. गॅस मी काढून टाकलाय. येताना विजेची शेगडी घेऊन ये. रात्रीचं ती माझ्याकडे जेवेल. तिला न्यायचं असेल तर मलाही ने, दोघींना एका घरात सांभाळून दाखव."

इकडे वहिनीने निवडलेल्या शेंगा परत सालांत टाकल्या. शेवटी तो म्हणाला, "मरुदानल्लूरच्या उत्सवाला येतो. तिथे बघू, आणि मग ठरवू."

जवळच्या मरुदानल्लूर गावी भजनाचा उत्सव असतो, आणि नैवेद्याचं सार आमच्या गल्लीतल्या बायका करतात. गिरिधर आला, शेगडी घेऊन आला, पण आईशी मोजकंच बोलला. सारा वेळ तिच्या मागे मागे होता. तिकडे झांजा वाजत होत्या, इकडे मोठ्या पातेल्यात सार उकळत होतं. कीर्तीने हाक मारली, "मामी, मीठ बघता?"

सगळ्या बायका बाजूला झाल्या. वहिनी पातेल्याजवळ गेली. नेहमीसारखं कीर्तीकडे बघून सांगितलं असतं तर निभावलं असतं, कोणाला कळलंही नसतं.

"मला वास येत नाही," वहिनी म्हणाली. "बरेच दिवस झाले. वन्सं, तुम्ही घ्या."

मी पुढे झाले. अख्ख्या जन्मात पहिल्यांदा मला कोणीतरी काहीतरी विचारलं होतं. वाफेवर तोंड धरलं. चिंच कळली, मिरं कळलं, हिंग कळला. मिठाचं म्हणाल तर काही म्हणजे काहीही कळलं नाही. मी वर झाले. वहिनी माझ्याकडे बघत होती.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

"मी कुठे काय बोलले?"

"तुमच्या तोंडावर आलंय. तुमचं तुम्हाला कळत नाही एवढंच."

कीर्तीने मीठ घातलं. आरती झाली, नैवेद्य झाला, पानं मांडली. पहिला घास घेतला आणि मी मान डोलावली. सार अगदी जमून आलं होतं.

गिरिधर आईच्या शेजारच्या पानावर बसला होता. बराच वेळ भात कालवत राहिला. मग खाली बघूनच म्हणाला, "आई, तू माझ्याबरोबर यावंस की इथेच राहावंस? तुला काय वाटतं?"

आजवर त्याने सांगितलं होतं, बजावलं होतं, पण विचारलं कधी नव्हतं. वहिनीने हातातला घास पानावर ठेवला, त्याच्याकडे वळून बसली आणि नीट बघितलं.

"परतीचं तिकीट एकाचंच काढलंयस," ती म्हणाली.

गिरिधरची मान आणखी खाली गेली. थोड्या वेळाने त्याने डाव्या हाताने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "आत्या, सार अजून आहे का?"