शुगर नाही

बाबांनी डबा स्टुलावर ठेवला आणि रंगाची बोटं फडक्याला पुसत लेकीला हाक मारली.

“मासोळे, वाच बरं, काय लिहिलंय?”

पाण्यातून बाहेर निघतच नाही, म्हणून हे नाव. सोळा वर्षांची ती नुकतीच पोहण्याच्या सरावाहून आली होती. कानांत अजून पाणी होतं, त्यामुळे बाबांचा आवाज कुठूनतरी तळातून येतोय असं वाटत होतं. खोलीभर दुकानांच्या पाट्या वाळत होत्या. कोवळ्या उन्हात त्यांची ओली अक्षरं तरंगल्यासारखी दिसत होती.

डब्यावर ठळक हिरव्या अक्षरांत होतं, ‘शुगर नाही’.

“महिनाभर प्रोटीनच्या पावडरीसाठी डोकं खात होतीस ना? सगळ्या पोरी घेतात म्हणून? घे! वर तुझं दुखणं पळवणारी मिळाली. आता सुया बंद!”

दोन वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणाले, हिला शुगर आहे. तेव्हापासून या घरात शुगर म्हणजे तिचा मधुमेह. चहात पडते ती साखर. बाबा तर इतके खुशीत होते, की रविवारच्या शर्यतीपर्यंत गप्प बसावं असं तिला वाटलं. पण ते इन्शुलिनची पेटी उचलून कपाटावर ठेवायला निघालेच.

“बाबा, थांबा. ती शुगर म्हणजे साखर. ती डब्यात नाहीये. माझी आहे तिथंच आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे पावडरीनं ताकद येईल. तीही डॉक्टरांना विचारून, मोजून घेतली तर. सुया राहणार.”

“किती दिवस?”

“कायमच्या.”

बाबांनी पेटी अलगद खाली ठेवली.

“जन्मभर लोकांच्या पाट्या रंगवल्या,” ते हसायचा प्रयत्न करत म्हणाले, “आणि वाचायची वेळ आली तेव्हा माती खाल्ली.”

तिला रडूच फुटलं. “मला सांगायचंच नव्हतं हो तुम्हाला.”

“अगं वेडे, दुकानदारानंही हेच सांगितलं होतं. मीच म्हटलं, तुला काय कळतंय!” त्यांनी तिचे ओले केस कपाळावरून मागे सारले. “घरी येईपर्यंत तरी माझ्यासाठी तू बरी झाली होतीस गं. मुद्दाम लांबच्या रस्त्यानं आलो.”