शून्यांनी भरलेली जागा

मित्रांनो, मी आहे कॉम्प्युटरची एक जुनी, टाकून दिलेली डिस्क. १९८५ साली मला नागपुरात, रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात आणलं. कोणत्या पेशंटला कोणतं औषध सोसत नाही, हे दवाखान्यात नोंदी ठेवणारी चारुशीला माझ्यात साठवत असे. सुई टोचण्याआधी डॉक्टर ते पाहून घेत. व्यवस्थापक भैय्याजी तर पाहुण्यांना मला कौतुकानं दाखवत.

दोन उन्हाळे गेले. कूलर बंद पडला की खोली भट्टीसारखी तापे. माझा एक भाग खराब झाला आणि मी खरखरू लागले. चारुशीला घाबरली. तिनं नव्या डिस्कवर माझी जशीच्या तशी नक्कल करायला घेतली. मध्येच काम अडलं.

"भैय्याजी, एवढी जागा वाचता येऊन नाही राहिली. पुन्हा पुन्हा वाचून पाहू द्या."

"अवं, एवढ्याशा जागेपायी काहून थांबतं? सोड न ते! बाहेर पेशंट खोळंबून राहिले."

"पण तिथं नुसते शून्य भरले जातीन, पडद्यावर कोरंच दिसन. मंग तिथं काही होतं, हे कोणाले समजन का?"

"मी सांगून राहिलो ना!"

तिनं बटण दाबलं. शेवटी पडद्यावर उमटलं, 'नक्कल पूर्ण'. काही सुटलं असल्याचा एक शब्दही नाही. मला कपाटात टाकलं.

काही दिवसांनी भिवापूरच्या तुळसाबाईंना तापाच्या ग्लानीत आणलं. नव्या डिस्कवर त्यांचं नाव होतं, पुढची जागा कोरी. कोरी म्हणजे सगळं सोसतं, असं समजून डॉक्टरांनी पेनिसिलिन दिलं. पाहता पाहता बाईंचा श्वास कोंडला, ओठ निळे पडले. डॉक्टरांनी धावपळ करून त्यांना कसंबसं वाचवलं.

चारुशीलानं मला कपाटातून काढून पुन्हा जोडलं. "वाचू दे वं माय, एकडाव तरी वाचू दे!"

मी सगळा जीव एकवटला. तुळसाबाईंची ओळ उमटली : पेनिसिलिन देऊ नये. मग आतून करकर आवाज आला आणि मी कायमची गप्प झाले.

भैय्याजींनी ती ओळ वाचली. "अजून कितीजण होते तिथं?"

"आता ते कोणालेच नाही माहीत," ती म्हणाली.

तेव्हापासून नावापुढं कोरं दिसलं की ती डॉक्टरांना आधी पेशंटला विचारायला लावते. पण बेशुद्ध माणूस काय सांगणार?

मित्रांनो, वाचता आलं नाही, तर 'वाचता आलं नाही' असंच तिथं लिहा. ती जागा कोरी सोडू नका. ज्यांच्या ओळी माझ्याबरोबर गेल्या, ती माणसं आज नरखेडच्या संत्र्यांच्या बागांत, उमरेडच्या हातमागांवर निर्धास्त काम करताहेत. त्यांच्यापैकी कोणाला तरी आजच कणकण वाटत असेल.